अकुमाच्या किल्ल्यात

स्मरणिकेसाठी आमच्या तुकडीनेही एक लेख द्यावा, असे संपादक मंडळाचे पत्र आले तेव्हा विषय कोणता घ्यावा यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. पहाटेची वंदना, भोजनगृहातले पिठले, थंडीतली विहिरीवरची आंघोळ, गणिताच्या सरांची छडी आणि त्याच सरांनी परीक्षेच्या रात्री स्वतः आणून दिलेला चहा, या गोष्टी इतर तुकड्यांच्या लेखांत येतीलच. आमच्या वाट्याला मात्र एक गोष्ट अशी आली, जी आमच्या आधीच्यांना मिळाली नव्हती आणि नंतरच्यांना तशी पुन्हा मिळाली नाही. तो होता एक संगणकावरचा खेळ. विषय वाचून काही पालकांच्या कपाळाला आठ्या पडतील, हे आम्ही जाणतो. पण गेल्या तीस वर्षांत आम्ही जेव्हा जेव्हा एकत्र जमलो, कोणाच्या मंगल परिणयात, कोणाच्या आईच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात, तेव्हा बोलणे फिरून फिरून त्या खेळावर आले. लिहायचे तर तेच लिहावे, असे शेवटी ठरले.

१९९१ च्या पावसाळ्यात एका दात्याने शाळेला दोन संगणक दिले. धान्य साठवण्याच्या जुन्या खोलीला चुना मारून तिचा संगणक कक्ष करण्यात आला. चपला बाहेर, पाय धुऊन आत, यंत्रांवर पांढऱ्या कापडाच्या खोळी. विहारातही आम्ही इतक्या शिस्तीने शिरत नव्हतो. दोहोंपैकी एकाचाच पडदा रंगीत होता, आणि रंगीत म्हणजे चार रंगांचा. आत माहिती साठवून ठेवण्याची काही सोय नव्हती. जे काय असेल ते पापडाएवढ्या मऊ फ्लॉपीवर. शनिवारी दुपारी शहरातून संगणकाचे सर येत. बेसिक भाषेतला दिलेला पाठ ज्याचा विनाचूक चाले, त्याला उरलेल्या वेळात खेळायला मिळे. सरांच्या पिशवीत एक फ्लॉपी असे. तिच्यावर बॉलपेनने इंग्रजीत एकच शब्द लिहिलेला होता, ‘कराटेका’. कराटेका म्हणजे कराटे खेळणारा, एवढे सरांनी सांगितले.

कथा चार ओळींची. उंच कड्यावर अकुमा नावाच्या दुष्ट सरदाराचा किल्ला आहे. मारिको नावाच्या राजकन्येला त्याने अंधारकोठडीत कोंडले आहे. पांढऱ्या पोशाखातला एक निःशस्त्र तरुण कडा चढून एकटाच वर येतो. तेथून पुढे तटावरून आणि दालनांमधून, एकामागून एक पहारेकऱ्यांशी लढत, त्याने कोठडीपर्यंत पोहोचायचे. काळ जपानच्या सामंतशाहीचा. मागे दूरवर फुजी पर्वत दिसतो. चित्र सगळे सपाट. चित्रकथीच्या पोथीतल्या माणसांसारखी ही माणसे एका बाजूनेच दिसत, आणि त्यांना पुढे किंवा मागे एवढ्या दोनच दिशा ठाऊक होत्या.

आता जे सांगतो ते नीट ध्यानात घ्यावे, कारण पुढचे सारे त्याच्यावरच उभे आहे. या खेळातला माणूस दोनच प्रकारे उभा राहू शकतो. एक, साधे ताठ उभे राहणे; या स्थितीत त्याला धावता येते, पण लढता येत नाही. दुसरी स्थिती लढण्याची, म्हणजे पवित्रा. पाय फाकलेले, गुडघे वाकलेले, मुठी पुढे. पवित्र्यात तीन ठोसे आणि तीन लाथा मारता येतात, वर, मध्ये आणि खाली; पण चाल अगदी सावकाश, एकेक पाऊल सरकत. एका स्थितीतून दुसरीत जाण्यासाठी एक कळ असे. ताठ उभ्या माणसाला पहारेकऱ्याची एकच लाथ पुरे. पवित्र्यात असलेला मात्र कितीतरी प्रहार सोसू शकतो. पडद्याच्या तळाशी डावीकडे आपल्या आणि उजवीकडे शत्रूच्या शक्तीचे बारीक त्रिकोण दिसत; प्रहार बसला की एक कमी होई, दोन पावले मागे सरून दम घेतला की पुन्हा भरून येई. शत्रूलाही हीच सवलत होती. म्हणून रागाने अंगावर धावून जाणारा मुलगा लवकर मरे आणि मोजून मापून, मागेपुढे होत लढणारा टिके.

एक कळ आणखी होती, वाकून नमस्कार करण्याची. कराटेच्या रीतीप्रमाणे लढण्यापूर्वी प्रतिस्पर्ध्यापुढे वाकायचे. जिंकण्यासाठी तिचा काडीचा उपयोग नव्हता, म्हणून ती कोणी वापरत नसे.

आणि एकदा मेले की सारे पुन्हा पहिल्यापासून. कडा चढण्यापासून. जेथे पोहोचलो ती जागा राखून ठेवण्याची सोय या खेळात नव्हतीच. आजच्या मुलांना हे अन्यायाचे वाटते, पण एका यंत्रामागे चौदा मुलांची रांग असताना याहून न्याय्य नियम कोणता असणार! मेला तो उठला, मागचा बसला. ज्याची पाळी नसे तो मागे उभा राहून सूचना देई, आणि कोणाचा ठोसा कोणत्या उंचीवर यायला हवा होता यावरून भोजनाच्या पंगतीतही वाद चालत.

किल्ल्यात माणसांखेरीज दोन संकटे होती. एका दाराशी वरून टोकदार गजांची जाळी झपकन खाली येई. तिच्याखाली सापडला तो गेला. दुसरे म्हणजे अकुमाचा पाळलेला ससाणा. तो कधी डोक्याच्या उंचीवरून येई, कधी पोटाच्या, आणि तो कोठून येतो आहे हे ओळखून त्याच उंचीवर प्रहार करायला निमिषभराचाच अवधी मिळे. माणसांशी लढायला आम्ही दोन महिन्यांत शिकलो. ससाण्याने मात्र वर्षभर छळले. मधूनच पडदा बदले आणि अकुमा दिसे. तो हात उगारून बोट दाखवी, समोरचा पहारेकरी लवून निघे. पुन्हा पडदा बदलला की आपला तरुण धावतो आहे. पुन्हा बदलला की तो पहारेकरी धावत येतो आहे. दोघे अजून एकमेकांना दिसलेले नाहीत, पण आम्हाला दोघेही दिसत आहेत. त्या दोन-चार क्षणांत संगणक कक्षात पंख्याचा आवाज तेवढा ऐकू येई.

हा खेळ कोणी केला, हे आम्हाला फार पुढे कळले. जॉर्डन मेक्नर नावाच्या अमेरिकन तरुणाने येल विद्यापीठात शिकत असताना तो रचला आणि १९८४ साली तो प्रथम ॲपल टू या संगणकासाठी विक्रीला आला. त्या यंत्राची स्मृती होती ४८ किलोबाइट. आज भ्रमणध्वनीवर येणारी ‘शुभ सकाळ’ची एक चित्रफीत पाठवायलाही त्याच्या कितीतरी पट जागा लागते. एवढ्या टीचभर जागेत त्याची माणसे खऱ्या माणसांसारखी वाकत, वळत, कोसळत, कारण ती खऱ्या माणसांवरूनच काढलेली होती. मेक्नरने कराटेच्या शिक्षकाचे आणि स्वतःच्या वडिलांचे साध्या कॅमेऱ्याने चित्रण केले आणि फिल्मचे एकेक चित्र गिरवून त्या हालचाली संगणकात उतरवल्या. खेळाचे संगीतही वडिलांचेच. हे वडील व्यवसायाने मानसशास्त्रज्ञ. लहानपणी, नाझींनी ऑस्ट्रिया गिळल्यावर, त्यांच्या ज्यू कुटुंबाला व्हिएन्ना सोडून परागंदा व्हावे लागले होते. हे वाचल्यापासून तो कड्यावर चढणारा पांढरा तरुण आम्हाला थोडा वेगळा दिसू लागला आहे.

अमेरिकेतल्या विद्यार्थ्याने कल्पिलेला हा जपान खऱ्या जपानशी सगळीकडे जुळत नाही. कराटे ही सामुराईंची विद्या नव्हेच. त्यांची शस्त्रे तलवार, धनुष्य आणि भाला. कराटे वाढले दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटावर, जेथे र्‍युक्यूचे वेगळे राज्य होते. १६०९ मध्ये सात्सुमाच्या सामुराईंनी ते जिंकून आपल्या अंकित केले आणि १८७९ मध्ये जपानने ते पूर्णपणे खालसा केले. जपानच्या मुख्य भूमीवर ही विद्या नीटपणे पोहोचली ती १९२२ मध्ये, फुनाकोशी गिचिन यांनी तोक्योत प्रात्यक्षिके दाखवली तेव्हा. म्हणजे किल्लेदार आणि सरदारांचा काळ संपून गेल्यावर. हे फुनाकोशी मूळचे शाळामास्तर, हे येथे मुद्दाम नमूद करतो. शिष्यांसाठी त्यांनी वीस सूत्रे सांगितली. त्यांतले पहिले नमनाविषयी आहे आणि दुसरे, आपण होऊन पहिला प्रहार न करण्याविषयी.

शब्दांची गंमत तर याहून मोठी. आमच्यातल्या एकाने पुढे पुण्यात जपानी भाषा शिकली आणि आता तो नागोयाजवळच्या एका कारखान्यात दुभाषाचे काम करतो. त्याने एकदा पत्रातून आम्हाला ही अक्षरे काढून दाखवली. ‘कराते’ मधला ‘ते’ म्हणजे हात. ‘करा’ पूर्वी ‘चिनी’ या अर्थाच्या अक्षराने लिहीत. पुढे फुनाकोशींसारख्यांनी त्याच उच्चाराचे ‘रिकामा’ या अर्थाचे अक्षर स्वीकारले, आणि १९३६ मध्ये नाहा येथे जमलेल्या ओकिनावाच्या गुरुजनांनीही त्यास मान्यता दिली. (चीनशी युद्ध तोंडावर आलेले असताना नावातला चीन गळावा, हे निव्वळ तत्त्वज्ञानापोटी घडले असे समजण्याचे कारण नाही.) पण ते नवे अक्षर आपल्या ओळखीचे आहे. बौद्ध सूत्रांच्या चिनी भाषांतरांत ‘शून्य’ या शब्दासाठी जे अक्षर योजले आहे, तेच ते. फुनाकोशींनी स्वतः त्याचा संबंध प्रज्ञापारमिता हृदयसूत्राशी जोडला आहे. आणि ‘अकुमा’? जपानीत त्याचा रोजचा अर्थ दैत्य किंवा सैतान. पण त्यातला ‘मा’ हा आपला ‘मार’. बोधिवृक्षाखाली तथागतांसमोर सैन्य घेऊन आलेल्या माराचे नाव चिनीत लिहिण्यासाठी जे अक्षर घडवले गेले, ते पुढे जपानीत गेले आणि अकुमाच्या नावात जाऊन बसले. मेक्नरच्या मनात यातले काही असेल असे आम्ही म्हणत नाही. त्याला बहुधा एक भारदस्त जपानी नाव हवे होते. पण शून्य हातांनी माराच्या किल्ल्यावर चाल करून जाणारा तरुण आम्ही दोन वर्षे रोज पंचशील म्हणून झाल्यावर खेळत होतो, आणि ते आम्हाला ठाऊक नव्हते.

त्या वयात आमचा जपान निराळाच होता. जपान म्हणजे अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर दिसणारे भिक्खू, आणि जपानहून येऊन नागपूरचेच होऊन गेलेले भदन्त आर्य नागार्जुन सुरई ससाई. त्या देशात माणसे एकमेकांना लाथाही मारत असतील, हे आमच्या डोक्यात कधी आलेच नव्हते. त्यामुळे भन्तेजी एका शनिवारी अचानक संगणक कक्षात आले, तेव्हा आमची पाचावर धारण बसली. खेळणारा मुलगा ‘वंदामि भन्ते’ म्हणत उठला, आणि इकडे पहारेकऱ्याने त्याच्या योद्ध्याला लोळवले. ‘हा कोण पडला?’ भन्तेजींनी विचारले. सरांनी कथा सांगितली. ‘म्हणजे आता ती मुलगी कोठडीतच राहणार?’ पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येते, असे सरांनी सांगताच ‘मग करा’ म्हणून भन्तेजी स्टुलावर बसले आणि तीन मुले मरेपर्यंत बसून राहिले. जाताना म्हणाले, ‘विजेचे बिल वाढते आहे, तेवढे सांभाळा.’ पुढच्या शनिवारी ते बरोबर त्याच वेळी वीजमापक पाहायला आले.

आमच्यात एक मुलगा आठवीत उशिरा, दिवाळीनंतर दाखल झाला होता. त्याचे नाव येथे देत नाही. त्याच्या गावी जयंतीची मिरवणूक कोणत्या रस्त्याने न्यावी यावरून मारहाण झाली होती आणि तीत त्याच्या वडिलांचा उजवा हात मोडला होता. पुढचे दिवस तेथे काढणे कठीण झाले, म्हणून मामाने त्याला येथे आणून सोडले. तो कोणाशी भांडत नसे, पण मागून कोणी खांद्यावर हात ठेवला तर गर्रकन वळून मुठी आवळी. रात्री झोपेतही त्याच्या मुठी मिटलेल्या असत. त्याच्या शेजारी झोपणाऱ्यांनी ते पाहिले आहे. अभ्यासात बेताचा, खेळात मात्र त्याच्यासारखा कोणी नव्हता. घाई नाही, ओरडणे नाही. मागे सरायचा, दम भरू द्यायचा, शत्रू पाऊल टाकतो तेवढ्यात खालची लाथ. ससाण्याला त्याने सलग चार वेळा पाडलेले आम्ही पाहिले.

नववीच्या वर्षी, डिसेंबरातल्या एका शनिवारी, आमच्यातला पहिला म्हणून तोच अकुमापर्यंत पोहोचला. रांग मोडली. दुसऱ्या यंत्रावर पाठ करणारेही उठून आले. अकुमा पडला तेव्हा झालेला कोलाहल भोजनगृहापर्यंत गेला असे म्हणतात. पुढे कोठडीचे बंद दार होते. ते लाथेनेच उघडते, म्हणजे पवित्र्यातच उघडावे लागते. त्याने ते उघडले. आत मारिको उभी होती. तो तसाच, मुठी पुढे करून, एकेक पाऊल सरकत तिच्याकडे निघाला. जवळ गेला. तिने पाय उचलला आणि एकाच लाथेत त्याला ठार केले.

कोणालाही काही सुचेना. यंत्र बिघडले असे एकाने म्हटले. सर हसू लागले. त्यांना हे ठाऊक होते आणि त्यांनी मुद्दाम सांगितले नव्हते. तो मुलगा मात्र हसला नाही. खुर्ची मागे ढकलून निघून गेला आणि पुढे दोन-अडीच महिने संगणकाला शिवला नाही.

त्या आठवड्यात वसतिगृहात दुसरा विषयच नव्हता. बहुतेकांचे मत एकच होते: मुलगी कृतघ्न आहे. एवढे जिवावर उदार होऊन यायचे आणि हे फळ! काहींच्या मते ती अकुमालाच सामील होती. एकाने, हा पुढे वकील झाला, असा मुद्दा काढला की ही अकुमाचीच कोणी वेषांतर करून बसली असावी आणि खरी मारिको आणखी आतल्या कोठडीत असेल. वाद संगणक कक्षाच्या ओट्यावर चालला असताना आठवीतली एक मुलगी तेथे पाठाची वही घेऊन बसली होती. गावातून रोज चालत येणाऱ्या मुलींपैकी ती. ती वहीतून डोके वर न काढताच म्हणाली, ‘दादा, ती कोठडीत आहे ना? बाहेर काय चाललंय ते तिला दिसतं का?’

नाही, असे कोणीतरी म्हणाले.

‘मग दार तोडून कोणीतरी मुठी वळून आत आला. तो अकुमाचा माणूस नाही, हे तिला कसं कळणार?’

यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. खरे तर त्या क्षणापर्यंत कोठडीच्या आतून ते दार कसे दिसत असेल, हा विचार आमच्या चौदा डोक्यांपैकी एकाही डोक्यात आला नव्हता. आम्ही डावीकडून आलो होतो. ती उजवीकडे उभी होती. सपाट चित्रात दोन्ही बाजू सारख्याच दिसतात, आणि तरी दोन वर्षे आम्ही एकाच बाजूने पाहिले. पुढे एका सुट्टीत सरांनीही कबूल केले की गुपित त्यांना ठाऊक होते, पण त्याचा असा अर्थ त्यांनी लावला नव्हता. गुपित इतकेच, की आत शिरल्यावर कळ दाबून पवित्रा सोडायचा, ताठ उभे राहायचे आणि तिच्याकडे धावत जायचे. ज्या स्थितीत किल्ल्यात शिरल्यापासून एका लाथेने मरण येत होते, त्याच उघड्या स्थितीत.

ते वाक्य त्या मुलापर्यंत कोणी पोहोचवले, ठाऊक नाही. आमच्यातले निदान पाच जण ते श्रेय घेतात. मार्चमध्ये, वार्षिक परीक्षेच्या आधीच्या शनिवारी, तो पुन्हा रांगेत उभा राहिला. त्या दिवशी तो प्रत्येक पहारेकऱ्यापुढे वाकत होता. ती निरुपयोगी कळ. वाकून उठेपर्यंत दोनदा त्याने मार खाल्ला, मागची मुले शिव्या घालू लागली, पण तो वाकायचा थांबला नाही. ससाणा पडला, अकुमा पडला, दार उघडले. मग तो थांबला. पडद्यावर मारिको एका टोकाला आणि पवित्र्यातला पांढरा योद्धा दुसऱ्या टोकाला. किती वेळ गेला कोण जाणे. आम्ही सारे एकाच वेळी ‘उठव, उठव’ म्हणून ओरडत होतो. त्याने कळ दाबली, योद्धा ताठ उभा राहिला. तो धावला आणि मारिकोने त्याला मिठी मारली. मुलाने कळफलकावरून दोन्ही हात उचलले आणि मांडीवर ठेवले. उघडे, तळवे वर. तो तसाच बसून राहिला, म्हणून मागचाही कोणी ‘आता माझी पाळी’ म्हणाला नाही.

त्यानंतर तो झोपेत मुठी वळेनासा झाला, असे लिहिले तर गोष्ट छान होईल. पण तसे काही झाले नाही. दहावीपर्यंत त्याच्या मुठी तशाच होत्या. खांद्यावर हात ठेवणाराला मात्र तो आधी वळून पाहू लागला. त्याच्या शेजारी झोपणाऱ्याला हा फरक मोठा वाटला होता.

आमच्यातले अनेक जण आता पालक आहेत, आणि मुलांना असले खेळ खेळू द्यावेत का, हा प्रश्न मेळाव्यात दरवर्षी निघतो. आमच्यात यावर एकमत नाही आणि व्हायची शक्यताही नाही. एवढे मात्र दिसते की चौदा जणांत एक यंत्र होते म्हणून खेळ बोलका झाला. एकेकट्या खोलीत एकेकटा भ्रमणध्वनी घेऊन बसलेल्या मुलाला ओट्यावरची ती मुलगी भेटणार नाही. ‘कराटेका’ची नवी आवृत्ती २०१२ मध्ये निघाली. तीत मारिकोचा प्रियकर कड्यावरून कोसळला की त्याच्या जागी एक भिक्खू चढून येतो, आणि तोही हरला तर एक दांडगा. पहिल्यापासून सुरू करावे लागत नाही. दिसायला देखणी आहे, पण मरणाची किंमत उरलेली नाही, असे आमचे मत. भिक्खूला लढताना पाहून भन्तेजी काय म्हणाले असते, ते मात्र ऐकायला आवडले असते. २०२३ मध्ये जुन्या खेळाच्या घडणीची सारी कागदपत्रे, चित्रफिती आणि कच्चे आराखडे एकत्र करून एक संग्रहच प्रसिद्ध झाला आहे. मागच्या मेळाव्यात वकीलसाहेबांनी तो आपल्या लॅपटॉपवर आणला होता. त्यांची दहा वर्षांची कन्या पहिल्याच पहारेकऱ्याकडे ताठ धावत गेली आणि मेली. तिने वडिलांकडे पाहून विचारले, ‘सेव्ह कुठे करायचं?’ सगळा मंडप हसला.

हा लेख छापायला देण्यापूर्वी आम्ही त्या मित्राला दूरध्वनीवरून वाचून दाखवला. तो आता एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. शेवटपर्यंत त्याने ऐकून घेतले. नाव नाही ते बरे, म्हणाला. गावाचेही देऊ नका. वडील अजून तेथेच राहतात. मिरवणूक अलीकडे त्याच रस्त्याने निघते, पण दरवर्षी पोलिसांची गाडी पुढे ठेवूनच, आणि वडील झेंडा डाव्या हाताने धरतात. मग थोडा थांबून म्हणाला, एक गोष्ट मात्र राहिली. पहारेकऱ्यांपुढे वाकलो हे लिहिलेत. त्या दिवशी मी अकुमापुढेही वाकलो होतो, ते घाला.

आम्ही तुकडीत सगळ्यांना विचारून पाहिले. तिघांना ते आठवते. बाकीच्यांना ससाणाच आठवतो.